“बीटी लावलं, मग बोंडात अळी कशी?” : ट्रान्स्क्रिप्शन समजून घेऊ कपाशीच्या शेतातून

देवळी, हिंगणघाट, आर्वी, वर्धा जिल्ह्यात कुठेही जा. कपाशीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्ही बायोटेक किंवा बॉटनी शिकताय म्हटल्यावर घरचे तुम्हालाच विचारतात. खरं सांगते, एमएस्सीला मी ट्रान्स्क्रिप्शनच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या; पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले तेव्हा कुठे त्या नीट कळल्या. नेट, पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर आज याच वाटेने जाऊ.

आधी पाया पक्का करू

दहावीच्या पुस्तकात आपण याला ‘प्रतिलेखन’ म्हणायचो. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक साचा (टेम्प्लेट) म्हणून वापरायचा आणि त्याला पूरक आरएनए बनवायचा, एवढंच. हे काम करतं आरएनए पॉलिमरेज. साचा ३′ कडून ५′ कडे वाचला जातो, आरएनए मात्र ५′ कडून ३′ कडे वाढतो. टी च्या जागी यू येतो.

साचा: ३′ – टी ए सी – सी टी ए – ५′
एमआरएनए: ५′ – ए यू जी – जी ए यू – ३′

डीएनए पॉलिमरेजसारखा याला प्रायमर लागत नाही. मग सुरुवात कुठून करायची हे त्याला कसं कळतं? प्रमोटरवरून. इथूनच आपली कपाशी सुरू होते.

जिवाणूचं जनुक झाडात टाकलं की चालेल का?

मुलाखतीत विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर: नुसतं टाकून चालत नाही.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. त्याच्या क्राय१एसी जनुकापासून अळीला मारक प्रथिन बनतं. जिवाणूत प्रमोटर ओळखतो तो सिग्मा फॅक्टर. कपाशीच्या केंद्रकात सिग्मा फॅक्टर नाही. तिथे एमआरएनए बनवतं आरएनए पॉलिमरेज २, आणि त्याला जागेवर आणून बसवतात टीएफआयआयडीसारखे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. म्हणजे जिवाणूच्या दाराला झाडाची किल्ली लागत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी दारच बदललं. क्राय१एसीच्या पुढे फुलकोबीच्या मोझॅक विषाणूचा ३५एस प्रमोटर जोडला. हा विषाणू झाडाचंच पॉलिमरेज वापरून जगतो, त्यामुळे त्याचा प्रमोटर झाडाला ‘वाचता’ येतो. जनुकाच्या शेवटी झाडातल्या जनुकाचा टर्मिनेटर लावला. भारतात २००२मध्ये आलेल्या पहिल्या बीटी कपाशीची रचना अशीच होती.

इथेही गाडी अडली होती

प्रमोटर बदलूनही सुरुवातीला झाडात प्रथिन फारच कमी बनत होतं. कारण समजायला एमआरएनएची पुढची प्रक्रिया आठवा. साखळी २०-३० न्यूक्लिओटाइडची झाली की ५′ टोकाला टोपी बसते. इंट्रॉन असतील तर ते कापले जातात. शेवटी एएयूएएएसारखा संकेत आला की त्याच्या थोडं पुढे साखळी कापली जाते आणि ३′ टोकाला ए ची शेपटी लागते.

जिवाणूच्या या जनुकात ए आणि टी भरपूर. त्यामुळे ‘इथे कापा’ असे खोटे संकेत जनुकाच्या मधेच दिसतात. जिवाणूला त्याने फरक पडत नाही, झाडात मात्र संदेश अर्धवट तुटू शकतो. १९९१मध्ये पर्लाक आणि सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांचा क्रम जवळपास तोच ठेवून डीएनएची अक्षरं बदलली. जी-सीचं प्रमाण ३७ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर नेलं. प्रथिन १०० पटींपर्यंत वाढलं! एकाच अमिनो आम्लाला अनेक कोडॉन असतात, हे आपण तक्ता म्हणून पाठ करतो. इथे त्याचाच उपयोग झाला.

मग अळी कशी?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये करंट सायन्समध्ये एक अभ्यास मांडला. क्राय१एसी झाडात सगळीकडे सारखं नसतं. पानांत जास्त, फुलाच्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत कमी. म्हणजे अळीला जिथे खायचं असतं नेमकं तिथेच कमी. झाड जुनं होतं तसं ते आणखी घटतं. पेरणीनंतर ११० दिवसांनी ते अमेरिकन बोंडअळी मरण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या, म्हणजे ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅमच्या, खाली गेलं. जूनअखेर पेरणी धरली तर हा काळ ऑक्टोबरच्या मध्याचा. गुलाबी बोंडअळीचा जोरही हंगामाच्या उत्तरार्धातच असतो.

पण घाई करू नका. २०१७मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने जो घात केला, त्यामागे अळीतच आलेली प्रतिकारशक्ती हे मोठं कारण होतं. झाडात विष कमी पडणं आणि अळीने विषाला दाद न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात: किडलेलं बोंड.

संशोधक म्हणून काय मोजाल?

- जनुक आहे का? पीसीआर.
- एमआरएनए किती? आरटी-क्यूपीसीआर.
- प्रथिन किती? एलायझा.
- अळी मरते का? प्रयोगशाळेत अळीला खाऊ घालून बायोअसे.

पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे जनुक ‘चालू’ आहे असं नाही. एमआरएनए भरपूर आहे म्हणजे प्रथिन तेवढंच असेल, असंही नाही. सिनॉप्सिस लिहिताना आपला प्रश्न यातल्या कोणत्या पायरीवरचा आहे ते आधी ठरवा, मग तंत्र निवडा. आपण बहुतेक जण उलटं करतो: लॅबमध्ये जे यंत्र आहे त्यावरून प्रश्न ठरवतो.

आता घरी कोणी विचारलं तर एवढं सांगा: “बियाण्यात जनुक आहे, पण ते झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात किती वाचलं जातं ते बदलतं. आणि अळीही बदलते. म्हणून बीटी असलं तरी फेरोमोन सापळे लावा, आणि फरदड घेऊ नका.”

सरावासाठी एक प्रश्न देते. ३५एस प्रमोटरऐवजी फक्त बोंडात चालणारा प्रमोटर लावला, तर फायदा काय आणि धोका काय? पाच ओळींत लिहून बघा.