झोपेतली आकडी

रात्री दोनच्या सुमारास मूल ताडकन उठून बसते. डोळे उघडे, हात ताठ, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, घशातून घुसमटलेला आवाज येतो. मिनिटभरात सारे शांत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरचे म्हणतात, स्वप्नात घाबरला. कुणी अंगारा लावतो, कुणी ताईत बांधतो.

डॉक्टरही फसत. १९९४ साली इन्ग्रिड शेफर, सॅम्युअल बर्कोविक आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व कॅनडातल्या पाच कुटुंबांची हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा त्रास कुणी भयस्वप्न ठरवला होता, तर कुणी हिस्टेरिया. प्रत्यक्षात तो मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारा अपस्मार होता.

लगेच १९९५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात त्याचे जनुक सापडले, विसाव्या गुणसूत्रावरचे 'सीएचआरएनए-४'. मेंदूतल्या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनासाठी दारे असतात. असे एक दार पाच तुकड्यांचे, आणि त्यातले काही तुकडे या जनुकाच्या आराखड्यावर बनतात. आराखड्यात एक अक्षर बदलले की दाराची उघडझाप बिघडते. कवितेत एक मात्रा चुकली तर ओळ फक्त लंगडते. इथे अख्खी रात्र उधळते.

आई किंवा वडील, कुणाकडेही असे जनुक असेल तर प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता ५० टक्के. पण ज्यांच्यात उतरते त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनाच आकड्या येतात. एखादी पिढी कोरडी जाते ती यामुळेच. मग 'आमच्याकडे कुणाला नव्हते' म्हणत सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्यांनी जरा थांबावे. बोट फिरून आपल्याकडेही येऊ शकते.

पुढे आणखी जनुके सापडली. २०१२ मधले 'केसीएनटी-१' अधिक त्रासदायक, त्यात बुद्धीच्या वाढीवरही परिणाम दिसतो. तरीही बहुतेक रुग्णांच्या घराण्यात असा इतिहास नसतो आणि जनुकही सापडत नाही.

लहान मुलाचे झोपेतले साधे घाबरणे बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरात, एखाद्या वेळी होते. आकड्या मात्र छोट्या, एकाच साच्याच्या, एका रात्रीत अनेकदा येणाऱ्या. दिवसा काढलेला मेंदूचा आलेख पुष्कळदा निर्दोष निघतो, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. मोबाइलवर त्या मिनिटाचे चित्रण करून मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे. कार्बामाझेपिन या जुन्या गोळीने, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, अनेकांच्या आकड्या थांबतात.