शिडीवर पाय का लटपटतात?

बारी गावातून कळसूबाई चढताना लोखंडी शिड्यांपाशी कधी कधी रांग थबकते. मधल्याच पायरीवर कुणीतरी कठडा आवळून उभं असतं. पाय लटपटत असतात, छाती धडधडत असते. खालून आवाज येतो, "काही होत नाही, भीती मनातून काढून टाक!" अकोले तालुक्यातल्या १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या वाटेवरचा हा सल्ला मायेचा खरा, पण त्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

"भीती फक्त मनात असते." आपली भाषाच हे मानत नाही. भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, पायाखालची जमीन सरकते. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं की शरीरात आधी बदल होतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना. ते म्हणणं आज जसंच्या तसं धरलं जात नाही, पण शरीराचे संकेत भीतीत मिसळतात हे दिसून आलं आहे. सारा गारफिंकेल आणि ह्यूगो क्रिचली या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भेदरलेले चेहरे हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी दाखवले तेव्हा लोकांना ते अधिक तीव्र भासले. शिडीपाशी पोचलेल्या माणसाचं हृदय तर चढानेच धडधडत असतं. समोर दरी दिसली की मेंदू ती धडधडही भीतीच्याच खात्यात टाकू शकतो. म्हणून शिडीला हात घालण्याआधी पाच मिनिटं बसून दम खावा.

"गरगरलं, म्हणजे बीपी कमी झालं." दर वेळी नाही. तोल सांभाळायला तीन साक्षीदार लागतात: आतला कान, डोळे, आणि तळपाय-घोटे-स्नायूंकडून येणारी खबर. स्थिर उभं असतानाही आपण किंचित डुलत असतो. जवळचं झाड, भिंत पाहून डोळे ते डुलणं टिपतात. कड्यावर जवळचं काहीच नसतं. दूरचा डोंगर आपल्या डुलण्याने जागचा हललेला दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांची साक्ष कमी पडते आणि भोवळ आल्यासारखं वाटतं. "खाली बघू नकोस" हे म्हणूनच अर्धंच बरोबर आहे. नजर जवळच्या पायरीवर किंवा कातळावर ठेव, हे खरं सांगायला हवं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी लोक पोटावर झोपून खाली डोकावतात. आडवं झाल्यावर तोल सावरण्याचं कामच उरत नाही.

"मी केवढा हलतोय, आता पडणार." मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा गैरसमज. उंच फलाटावर माणसांना उभं करून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की भीतीने घोटे ताठरतात आणि शरीराचं डुलणं जलद पण लहान होतं. तरीही माणसाला आपण प्रत्यक्षाहून जास्त हलतोय असं जाणवतं. शिडीवर गोठलेल्या माणसाला तो भित्रा आहे असं हिणवण्यापेक्षा हे सांगितलं, तर त्याला खरा आधार मिळेल.

"शरीराकडे लक्ष दिलं की भीती वाढते." लक्ष देण्याने नव्हे, अर्थ चुकीचा लावल्याने वाढते. धडधड म्हणजे हार्ट अटॅकच, असं वाटलं की धडधड आणखी वाढते आणि चक्र सुरू होतं. पॅनिक अटॅकमागचं हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं.

मात्र छातीवर दाब आला, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं किंवा शुद्ध हरपली, तर ते भीतीवर ढकलू नका. चढ थांबवा, वैद्यकीय मदत मिळवा. घरी अंथरुणात कूस बदलताच खोली फिरत असेल, तर त्याचं मूळ बहुधा आतल्या कानात असतं आणि डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते अनेकदा बरं करतात.

शिडीवर अडकलेल्याला खालून ओरडू नका. शक्य असेल तर एकाने त्याच्या मागच्या पायरीवर उभं राहावं आणि हळू आवाजात सांगावं: "समोरच्या पायरीकडे बघ. श्वास लांब सोड. दोन्ही हातांनी घट्ट धर, आता फक्त उजवा पाय वर."