बलस्थानांचा तास

कृतज्ञता, चिकाटी, जिज्ञासा, स्वतःवरचा ताबा हे गुण गणित-भूगोलासारखे वर्गात शिकवता येतात का, आणि शिकवले तर मुलांचे मन त्याने स्वस्थ होते का, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे उत्तर प्रवचनाऐवजी प्रयोगातून शोधण्याची खटपट मात्र गेल्या पंचवीसेक वर्षांतली. तिची सुरुवात अमेरिकेत झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्टिन सेलिगमन १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. मानसशास्त्र माणसाच्या मनात काय बिघडते एवढेच तपासत बसले, काय नीट चालते याकडे त्याने पाहिलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मनोविकारांची जाडजूड सूची डॉक्टरांच्या हाताशी असते; तशी माणसातल्या चांगल्याचीही असावी म्हणून ते आणि मिशिगन विद्यापीठातील ख्रिस्तोफर पीटरसन कामाला लागले. ॲरिस्टॉटल, कन्फ्यूशियस, बौद्ध विचार, उपनिषदे, कुराण, बेंजामिन फ्रँकलिन असे सगळे धुंडाळून २००४ साली त्यांनी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि स्वतःपलीकडे पाहण्याची वृत्ती हे सहा सद्गुण आणि त्यांच्या पोटात स्वभावातली चोवीस बलस्थाने, अशी त्याची मांडणी आहे. सहा खणांची ही विभागणी नंतरच्या पाहण्यांत नीट टिकली नाही. चोवीसांची यादी मात्र टिकली आणि तीच शाळांत पोहोचली.

या यादीमागचा विचार साधा आहे. प्रत्येक मुलात यांतली चार-पाच बलस्थाने ठळक असतात. ती ओळखायची, त्यांना नाव द्यायचे आणि ती रोजच्या जगण्यात मुद्दाम वापरायला लावायची. नेहमीच्या नीतिपाठात मुलात काय कमी आहे ते सांगितले जाते. इथे मुलात जे आहे तिथून सुरुवात होते. ज्या मुलाला शिक्षक ‘बडबड्या’ म्हणतात, त्याच्यात विनोदबुद्धी आणि माणसे जोडण्याची हातोटी असू शकते. त्याला नव्याने आलेल्या मुलाशी ओळख करून घेण्याचे काम दिले, तर वर्गाला खुपणारी गोष्टच वर्गाच्या उपयोगी पडते.

हे वर्गात कसे उतरते याचा एक चांगला नमुना फिलाडेल्फियाजवळच्या स्ट्रॅथ हेवन हायस्कूलमध्ये पाहायला मिळाला. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या अनुदानातून तिथे नववीच्या ३४७ विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला भाषेच्या तासाला बलस्थानांचे धडे मिळाले, दुसऱ्याचा भाषेचा तास नेहमीसारखा चालला. धड्यांतला सर्वांत गाजलेला स्वाध्याय म्हणजे ‘तीन चांगल्या गोष्टी’. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन बऱ्या घटना लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ती का घडली हेही लिहायचे. खरी मेख या ‘का’मध्ये आहे. ‘बस वेळेवर आली’ एवढे लिहून भागत नाही. ‘आईने पाच मिनिटे आधी उठवले म्हणून’ असे लिहावे लागते आणि मग त्या चांगल्या गोष्टीमागचे माणूस दिसू लागते. दुसऱ्या स्वाध्यायात आपले एखादे बलस्थान पूर्वी कधी न वापरलेल्या ठिकाणी वापरून पाहायचे होते.

निकाल बोलका निघाला. धडे मिळालेल्या मुलांना शाळा अधिक आवडू लागली, त्यांचे वागणे-बोलणे सुधारल्याचे आयांनी आणि शिक्षकांनी नोंदवले, अभ्यासात मध्यम असलेल्यांचे भाषेचे गुणही वाढले. नैराश्य आणि चिंता मात्र कमी झाल्या नाहीत. आणखी गंमत म्हणजे मुलांनी स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्यांत बलस्थानांची पातळी जिथल्या तिथे राहिली. ज्याचा धडा दिला ते हलले नाही, भोवतालचे हलले. संशोधकांनी ही गोष्ट लपवली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. तिची जाहिरात झाली नाही, हे चळवळीच्या स्वभावाला धरूनच.

त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग ग्रामर स्कूलने आणखी मोठी उडी घेतली. व्हिक्टोरिया राज्यातली ही १८५५ सालची निवासी शाळा; आजचे ब्रिटनचे राजे चार्ल्स तिच्या टिंबरटॉप या डोंगरातल्या शाखेत काही काळ शिकले. २००८ च्या आरंभी सेलिगमन आपल्या सहकाऱ्यांसह तिथे पोहोचले आणि सुमारे शंभर कर्मचाऱ्यांचे नऊ दिवसांचे प्रशिक्षण झाले. तिथे शिक्षकांना आधी हे सगळे स्वतःच्या आयुष्याला लावून पाहायला सांगितले, वर्गाचा विचार नंतर. पुढे स्वतंत्र तास तर सुरू झालेच, शिवाय बाकीच्या विषयांतही हा विचार झिरपू लागला. ‘किंग लिअर’ शिकताना पात्रांची बलस्थाने आणि त्यांच्या सावल्या शोधायच्या, भूगोलाच्या तासाला एखाद्या देशाचे सुख मोजायचे कसे यावर वाद घालायचा. शाळा श्रीमंतांची, फी डोळे फिरवणारी, वर्ग लहान; इतर शाळांना हा नमुना जसाच्या तसा उचलता येणारा नव्हता.

सरकारी शाळांत काय होते हे ब्रिटनने पाहिले. २००७ साली साउथ टाइनसाइड, मँचेस्टर आणि हर्टफर्डशायर भागांतल्या बावीस शाळांत अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मनाची लवचीकता वाढवणारा अठरा तासांचा कार्यक्रम झाला. पहिल्या वर्षी खिन्नतेची लक्षणे थोडी घटली, हजेरी सुधारली. दुसरे वर्ष सरेपर्यंत हा फरक पुसला गेला. त्याहून मोठा धक्का २०२२ साली बसला. ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या, ध्यानावर आधारित सजगतेच्या धड्यांच्या चाचणीत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीही जास्त हाती लागले नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. वर्गात डोळे मिटून बसलेले मूल मनात काय करते, हे तपासायला शिक्षकाकडे साधन नसते.

याउलट चित्र दाखवणारा अभ्यासही आहे. २०११ साली २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत दोन लाख सत्तर हजार विद्यार्थी होते. भावना ओळखणे, भांडण मिटवणे, विचार करून निर्णय घेणे अशी कौशल्ये टप्प्याटप्प्याने, करून पाहायला लावून शिकवली, तर वागणूक सुधारते आणि अभ्यासातही चांगली वाढ दिसते, असे त्यात आढळले. हे काम वर्गशिक्षकांनाही जमते, असे या आढाव्याचे म्हणणे होते. कौशल्य नेमके असले, त्याला सराव असला, की शिकवणे फळते. ‘आनंदी राहा’, ‘चिकाटी धरा’ असे मोघम सांगणे हवेत विरते. या मुद्द्यावर अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

खरा वाद पेटला तो गुण मोजण्यावरून. न्यू यॉर्कमधल्या ‘किप’ या गटाच्या शाळांत प्रामुख्याने गरीब घरांतली मुले शिकतात. तिथे प्रगतिपुस्तकाला स्वभावाची पुरवणी जोडली गेली. उत्साह, चिकाटी, आत्मसंयम, आशावाद, कृतज्ञता, सामाजिक समज, जिज्ञासा यांना शिक्षकांनी गुण द्यायचे. या कामाच्या मागे असलेल्या मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनीच पुढे २०१५ साली डेव्हिड येगर यांच्यासह इशारा दिला, की असे गुण शाळांची किंवा मुलांची प्रतवारी करायला वापरू नयेत. कारण अगदी व्यवहारातले आहे. कडक शाळेतले मूल स्वतःला मेहनती मानत नाही, कारण शेजारी बसलेले त्याहून मेहनती असते. ढिल्या शाळेतले मूल बिनदिक्कत पाचपैकी पाच देऊन टाकते. आणि गुणांवर काही अवलंबून आहे म्हटल्यावर कृतज्ञतेचे नाटक करायला मुलांना वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. घरात खायची भ्रांत, झोपायला जागा नाही, अशा मुलाला ‘चिकाटी कमी’ असा शेरा देणे म्हणजे परिस्थितीचा दोष त्याच्या स्वभावावर ढकलणे. हा आक्षेप कोणत्याही यादीला पूर्णपणे टाळता आलेला नाही.

भारतात या विषयाचा एक मोठा प्रयोग दिल्ली सरकारने केला. २ जुलै २०१८ रोजी दलाई लामा यांच्या उपस्थितीत ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू झाला आणि नर्सरीपासून आठवीपर्यंतच्या सुमारे आठ लाख मुलांच्या वेळापत्रकात त्यासाठी स्वतंत्र तास आला. परीक्षा नाही, मुलांसाठी पाठ्यपुस्तक नाही, फक्त शिक्षकांसाठी पुस्तिका. सुरुवातीला काही मिनिटे श्वासाकडे किंवा आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष, मग गोष्ट किंवा एखादी कृती, आणि त्यावर मुलांचे बोलणे. यामागचा विचार अमेरिकेतून आलेला नव्हता, अमरकंटकचे ए. नागराज यांच्या सहअस्तित्वाच्या दर्शनाचा तो आधार होता. परीक्षा न ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा म्हणायला हवा. मात्र ज्याची परीक्षा नाही तो तास अभ्यासक्रम मागे पडला की सर्वांत आधी खाल्ला जातो, हे कुठल्याही शाळेत चार महिने काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांना हा प्रांत अनोळखी नाही. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा आणि दिनविशेष यांचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये शिक्षकांना तोंडपाठ असतात: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. अमेरिकन यादीशेजारी ही यादी ठेवली की फरक लगेच उठून दिसतो. आपली यादी चांगला नागरिक घडवू पाहते. त्यांची यादी मुलाला स्वतःचे आयुष्य चांगले वाटावे म्हणून केलेली आहे; तिच्यात विनोदबुद्धी आहे, उत्साह आहे, सौंदर्याची जाण आहे. आपल्या दहांत हसायला जागाच नाही. उलट श्रमप्रतिष्ठा आणि स्त्री-पुरुष समानता त्यांच्या चोवीसांत नावाने सापडत नाहीत, आणि ही उणीव लहान नाही.

सुविचार फळ्यावर लिहून मूल्य रुजत नाही हे ओळखून समाजसेवक शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने २००९ साली बीड जिल्ह्यातल्या पाचशे जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू झाले. त्याचा आधार राज्यघटना: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. पद्धत मात्र उपदेशाची नव्हे. मुले जोडीने बसतात, गटात चर्चा करतात, नियम स्वतः ठरवतात, एकमेकांचे ऐकून घेतात. समतेवर भाषण ऐकण्याऐवजी गटात प्रत्येकाची पाळी येईपर्यंत थांबायचे, हा धडा. पुढे हा उपक्रम राज्याच्या इतर जिल्ह्यांतही गेला. २०२४ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ही आला. त्यात प्राणायामापासून रस्ता सुरक्षेपर्यंत बरेच काही एकाच टोपलीत भरले आहे.

शाळेत हे काम नेमके कोणी करायचे, या प्रश्नाचे भारतातले सर्वांत भक्कम उत्तर बिहारमधून आले, आणि ते शोधण्यात गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. संस्थेचे सहसंस्थापक विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नालंदा जिल्ह्यातल्या ७५ सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटल्या. एका गटात ‘सेहर मित्र’ म्हणून स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेली पण प्रशिक्षण दिलेली व्यक्ती नेमली. दुसऱ्यात शाळेतल्याच एका शिक्षकाला तेच प्रशिक्षण देऊन तेच काम सोपवले. तिसऱ्यात नेहमीचा शासकीय कार्यक्रम चालू राहिला. नववीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली.

काम तीन पातळ्यांवर होते. सगळ्या शाळेसाठी प्रार्थनेच्या वेळचे छोटे सत्र, भित्तिपत्रक, स्पर्धा आणि मनातले लिहून टाकायची पेटी. काही मुलांसाठी गट आणि कार्यशाळा. गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. पेटीकडे थोडे थांबून पाहायला हवे. शाळेत तक्रारपेटी लावण्याचा नियम महाराष्ट्रातही आहे, आणि धूळ खात लटकलेल्या पेट्याही सर्वांनी पाहिल्या आहेत. पेटी उघडणे, चिठ्ठ्या वाचणे आणि त्यांतल्या गोष्टी मुख्याध्यापकांपर्यंत नेणे हे कोणाचे तरी ठरलेले काम असले, तरच चिठ्ठी टाकणाऱ्याला पुन्हा चिठ्ठी टाकावीशी वाटते.

आठ महिन्यांनी मोजणी झाली, ती २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. बाहेरून नेमलेल्या मित्राच्या शाळांत वातावरण ठळकपणे सुधारले, नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि मारहाण घटली. शिक्षकाने काम केलेल्या शाळा आणि नेहमीच्या शाळा यांत काहीच फरक सापडला नाही. पुस्तिका तीच, प्रशिक्षण तेच, जिल्हा तोच. शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे असतात. आणि जो गुण देतो, ओरडतो, कधी छडीही उगारतो, त्याच्याजवळ मन मोकळे करायला मूल बिचकते.

दुसऱ्या वर्षीही हे काम चालू राहिले. सतरा महिन्यांनंतरच्या मोजणीत मित्र असलेल्या शाळांतला फरक पुसला गेला नव्हता, उलट वाढला होता. ब्रिटनमधले अठरा तास संपले की संपत. इथे माणूस रोज शाळेत येत होता. अशा माणसाला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, पण पगार लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांच्या मंजूर पदांत तसे पद नाही.