किल्लीच्या कडीतली छोटी बॅटरी: घ्यावी का आणि घेताना काय बघावं?



सोयाबीनची रास उरकली, हरभरा उगवून आला. पहिलं पाणी 30 ते 35 दिवसांनी फांद्या फुटताना आणि दुसरं 60 ते 65 दिवसांनी घाटे भरताना द्यायचं आहे. ज्यांच्या फीडरला थ्री फेज लाईन रात्रीची आहे, त्यांना तुषारचे पाईप अंधारातच हलवावे लागणार. म्हणून आजचा सल्ला खता-फवारणीचा नाही, उजेडाचा आहे.

किल्लीच्या कडीला अडकवायच्या बोटाएवढ्या बॅटऱ्या बाजारात मिळतात. त्या कामाच्या आहेत का, असं बरेच सभासद विचारतात. (खाली "बॅटरी" म्हणजे टॉर्च आणि तिच्या आत बसतो तो "सेल".)

*थोडक्यात उत्तर*
घ्या, पण मोठ्या बॅटरीच्या जोडीला. रात्रभर दारं धरायला मोठी किंवा डोक्याला लावायची बॅटरीच पाहिजे. छोटीचा फायदा एवढाच की ती कायम खिशात असते. मोठी बॅटरी आखाड्यावर खुंटीला राहते आणि आपण "हे आलोच" म्हणून अंधारात चार पावलं जातो. पाय नको तिथे पडतो तो याच चार पावलांत.

*मोबाईलचा उजेड आहे की, मग ही कशाला?*
पाईप उचलायला दोन्ही हात लागतात. मोबाईल तोंडात धरता येत नाही आणि सरीतल्या पाण्यात पडला तर गेलाच. शिवाय रात्रभर उजेडासाठी वापरला तर पहाटे चार्जिंग संपतं. अडचण आली तर 108 ला फोन त्याच मोबाईलवरून करायचा आहे. मोबाईल फोनसाठी राखून ठेवा.

*1) खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे*
▪ *ल्युमेन* म्हणजे एकूण उजेड. पायाखालची वाट बघायला 20-30 ल्युमेन पुरतात. छोट्या बॅटरीवर मोठा आकडा लिहिलेला असला तरी ती काही मिनिटांत तापते आणि उजेड आपोआप कमी होतो. दुकानात पहिल्या मिनिटाचा उजेड बघून भुलू नका.
▪ *"50 मीटर" असं अंतर.* चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-1 या मानकाप्रमाणे मोजतात. त्यात 50 मीटर म्हणजे 50 मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो. तेवढ्या उजेडात झाड दिसेल, साप दिसणार नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे लक्षात ठेवा.
▪ *"10 तास चालते".* याच मानकात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचे तास धरतात. म्हणजे 10 तास सारखाच उजेड मिळेल असं नाही.
▪ *आयपीएक्स4* म्हणजे शिंतोडे चालतात. *आयपी67* म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकते. तुषारखाली काम असेल तर निदान आयपीएक्स4 बघाच.

*2) दोरीची परीक्षा*
आकड्यांपेक्षा ही परीक्षा भरवशाची. अंगठ्याएवढ्या जाडीची मळकी दोरी घ्या. घरातल्या कुणाला तरी ती अंधारात सोयाबीनच्या भुसकटावर किंवा बांधाच्या गवतात टाकायला सांगा. नेमकी जागा तुम्हाला कळता कामा नये. मग बॅटरी लावून नेहमीच्या चालीनं चालत या. चार-पाच पावलं आधी दोरी दिसली तर बॅटरी पास. दोन पावलांवर दिसली तर नापास, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

ही परीक्षा दोन प्रकारे करून बघा. एकदा बॅटरी डोळ्याजवळ धरा, एकदा कमरेच्या उंचीला. कमरेजवळून उजेड तिरपा पडतो, वस्तूची सावली लांब होते आणि दोरी उठून दिसते. डोळ्याजवळून उजेड टाकला की सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट भासते. म्हणून पाईप जोडताना डोक्याची बॅटरी बरी, चालताना हातातली बरी.

उजेडाचा रंगही बघा. निळसर पांढऱ्या उजेडात माती, भुसकट आणि घोणस सगळं एकसारखं वाटू शकतं. किंचित पिवळसर उजेडात तपकिरी रंगातला फरक चांगला कळतो.

*3) सेल कोणता*
▪ *बटणाएवढा चपटा सेल:* सगळ्यात हलकी आणि स्वस्त बॅटरी याचीच. उजेड कमी. कुलूप उघडायला, किल्ली शोधायला ठीक, बांधावर चालायला नाही.
*लेकरं असलेल्या घरात जपा.* हा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांतही आत भाजून गंभीर इजा होऊ शकते. स्क्रूनं बंद होणारं झाकण असेल तरच घ्या. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, लगेच दवाखाना गाठा.
▪ *रिमोटमधला बारीक सेल:* गावातल्या किराणा दुकानातही मिळतो, संपला की बदलता येतो. मात्र बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा. गळाला की बॅटरी खराब होते.
▪ *चार्जिंगची:* मोबाईलच्याच सी-टाईप पिनवर चालणारी घ्या, वेगळी वायर सांभाळावी लागत नाही. रोज वापर असेल तर हीच परवडते. फुगलेली किंवा चार्ज करताना चटका बसेल इतकी तापणारी असेल तर वापर बंद करा. उशाशी ठेवून चार्ज करू नका.

*4) बटण आणि कडी*
खिशात आपोआप लागणारी बॅटरी ऐन वेळी संपलेली असते. बटण थोडं घट्ट किंवा आत दबलेलं असावं. दुकानातच खिशात घालून दोन-चारदा उठा-बसा. एका दाबात साधा उजेड लागला पाहिजे. लुकलुक, लाल-निळा असले प्रकार पार करत साधा उजेड येत असेल तर ती ठेवून द्या. मंद उजेडापासून सुरू होणारी सगळ्यात चांगली. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोतानं ती मोडते. कडी ओढून बघा, बारीक तारेची असेल तर किल्लीसकट शेतात पडेल.

*5) एवढं सगळं कशासाठी*
2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार मुख्यतः रात्री फिरते आणि घोणस बऱ्याचदा जागची हलत नाही. उजेडानं साप पळतोच असं नाही, तो आपल्याला वेळेवर दिसतो एवढंच.

म्हणून:
✔ आधी उजेड, मग पाय. आधी उजेड, मग हात. जमिनीवरचा पाईप, बनीमीखालची ताडपत्री, स्टार्टरची पेटी, यातल्या कशालाही बघितल्याशिवाय हात घालू नका. स्टार्टरला ओला हात तर नाहीच.
✔ गमबूट घाला, हातात काठी ठेवा, पाय आपटत चला.
✔ सालगड्याला रात्री पाठवत असाल तर त्यालाही बॅटरी आणि बूट द्या. जोखीम तो घेतोय.
✔ साप चावलाच तर घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय हलू न देता 108 वर फोन करा आणि सरकारी रुग्णालयात न्या. सापाचं विष उतरवणारं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. साप मारून सोबत आणायची गरज नाही.

*लक्षात ठेवायला सोपं:* दर अमावस्येला छोटी बॅटरी चार्ज करा किंवा सेल तपासा. सगळ्यात काळोखी रात्र तीच, म्हणजे तारीख विसरणार नाही. येळवसला तर घरची लेकरं-बाळं सगळी शेतात येतात. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या किल्लीला बॅटरी आहे का, एवढं बघा.

दोरीची परीक्षा करून बघा आणि तुमची बॅटरी किती पावलांवर पास झाली ते याच नंबरवर व्हॉइस मेसेज करून कळवा. हा मेसेज रात्रपाळी करणाऱ्या शेजाऱ्यालाही पाठवा.

आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी, उदगीर