व्हिडिओ गेम आणि आपल्या मुलांचे आरोग्य

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. या खेळांनी पिढी बिघडली, असे काही पालक म्हणतात. तर काहींना मूल घरात डोळ्यांसमोर आहे याचेच समाधान वाटते. आमच्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. खेळ मुळात वाईट नाही. परंतु तो किती, कसा व कोठे खेळावा याला नियम आहेत. ते न पाळल्यास शरीराला, मनाला आणि घरखर्चालाही फटका बसतो.

१९९० च्या दशकात सातारा-सांगलीसारख्या शहरांत हा खेळ खेळायचा तर पार्लरमध्ये पैसे मोजावे लागत, नाहीतर घरच्या टीव्हीला यंत्र जोडावे लागे. पैसे संपले किंवा वडिलांची बातम्यांची वेळ झाली की खेळ थांबे. आज खेळ मोबाइलमध्ये आला आणि त्याला शेवटच उरला नाही. 'आता पुरे' म्हणणारे कोणी नाही, हेच दुखण्याचे मूळ आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मान वाकवून बसल्याने मान व खांदे आखडतात. एकसारखी बटणे दाबल्याने अंगठ्याच्या मुळाशी व मनगटात दुखू लागते. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि उठून हातपाय मोकळे करावेत. अंधारात खेळू नये. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा.

थोड्या मुलांना झगमगत्या प्रकाशाने फिट येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवर 'पोकेमॉन' हे व्यंगचित्र सुरू असताना लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. खेळताना चक्कर आली, डोळ्यांपुढे विचित्र दिसू लागले किंवा अंगाला झटके बसले तर खेळ लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावे. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय गाठावे.

जागेचे भानही महत्त्वाचे आहे. मार्च २०१९ मध्ये हिंगोली येथे रेल्वेमार्गावर मोबाइलवरील खेळात गुंग झालेले दोन तरुण गाडीखाली सापडून मरण पावले. रस्ता, रूळ, गच्चीचा कठडा, विहिरीचा काठ येथे मोबाइल खिशातच असावा.

आता मनाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा वाटणे आणि नुकसान दिसूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे होत. ती साधारण वर्षभर टिकून राहिली व अभ्यास, घर, मैत्री यांची घडी विस्कटली, तर तो आजार समजावा. अशा मुलाला मारझोड करून उपयोग नाही. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर शासनाचा मोफत सल्ला मिळतो.

बँकेच्या काउंटरवर बसल्यावर आम्हांला आणखी एक बाजू दिसते. पासबुक भरून घेताना लहान लहान रकमा गेलेल्या पाहून पालक चक्रावतात. मुलाने खेळातील नाणी घेतली हे नंतर कळते. म्हणून यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. कोणी फसवून पैसे नेले असतील तर तत्काळ १९३० वर कळवावे.

मग 'पुरे' म्हणायचे कोणी? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये याचे उत्तर दिले. कोरोनाच्या काळात अभ्यासासाठी हाती आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, तेव्हा गावाने ठराव केला. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद राहत. आरंभी काहींनी हसण्यावारी नेले. तेव्हा आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

यातील मर्म आपण ओळखले पाहिजे. तेथे केवळ मुलांचा मोबाइल बंद झाला नाही. आईची मालिका आणि वडिलांचा मोबाइलही बंद झाला. आपण स्वतः मोबाइल पाहत मुलाला 'ठेव तो' म्हटले, तर त्याने का ऐकावे?

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत भोंगा नसेल, पण प्रत्येक घरात घड्याळ आहे. रोज एक तास ठरवावा, त्या वेळी लहानथोर सर्वांचे मोबाइल एका फळीवर ठेवावेत आणि मुलांबरोबर अभ्यासाला, गप्पांना किंवा अंगणातल्या खेळाला बसावे. याला पैसा लागत नाही, फक्त मोठ्यांनी आधी सुरुवात करावी लागते.