रायफलीचा धक्का आणि वाळूची पिशवी

होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, हो ना? छोटी होडी चांगलीच सरकते. मोठी लाँच मात्र जेमतेम हलते. रायफलीतही हीच गंमत घडते. गोळी पुढे सुटते, त्याच क्षणी रायफल मागे येऊन खांद्याला धक्का देते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा तिसरा नियम तो हाच!

थोडं गणित करू या. समजा, १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली. रायफल ४ किलोची, म्हणजे गोळीच्या ४०० पट जड. मग ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येणार. दारूच्या वायूंमुळे धक्का आणखी वाढतो, तो वेगळाच!

एक-दोन धक्के माणूस सोसतो. पण पुढे पुढे चाप ओढण्याआधीच मन म्हणतं, ‘आता बसणार!’ डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते आणि नेम चुकतो. मग चूक कोणाची? रायफलीवरच्या दुर्बिणीची, की घाबरलेल्या खांद्याची?

अमेरिकेत शिकारीच्या मोसमाआधी बरेच जण सरावाच्या मैदानावर टेबलाशी बसून रायफल तपासतात. तेव्हा काही जण एक खास स्टँड वापरतात. त्याला पुढे रायफलीसाठी आधार, मागे दस्ता टेकवायला बैठक आणि खाली तबक असतं. तबकात वाळूच्या किंवा शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या ठेवायच्या. स्टँड आणि पिशव्या मिळून १६ किलो धरा. रायफलीसह झाले २० किलो. आता मागे येण्याचा वेग उरला सेकंदाला फक्त ०.४ मीटर. होडीची लाँच झाली की! खांदा निर्धास्त, म्हणून गोळी चुकली तर दुर्बीण तपासायची.

मग भरपूर वजन का ठेवू नये? कारण स्टँड जागचा हललाच नाही, तर सगळा ताण दस्त्यावर येतो. लाकडी दस्ता तडकूसुद्धा शकतो! म्हणून स्टँडला थोडं सरकू द्यायचं असतं.

ऑलिंपिकमध्ये मात्र असा स्टँड चालत नाही, बरं का! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून नेम धरत. त्या रायफलीची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि रायफल भरपूर जड. मग तिचा धक्का कसा असेल? वरचं गणित वापरा आणि तुम्हीच सांगा!