संगणकाला आधी हात लावू नका

मुरुडच्या एका आडत व्यापाऱ्याचा प्रश्न आला आहे. काम सोडून गेलेल्या मुनिमाने सोयाबीनच्या जुन्या हिशेबपट्ट्या संगणकात फिरवल्याचा त्यांना संशय आहे. ‘मुलगा इंजिनीअर आहे, त्यालाच उघडून बघायला सांगू का?’

नको. संगणक बंद असेल तर बंदच राहू द्या. नुसता सुरू केला तरी तो कितीतरी फायलींत नव्या नोंदी करतो, आणि तपासाला हव्या असतात त्या जुन्याच तारखा-वेळा.

जाणता तपासनीस आधी कागद घेऊन बसतो. शंका कोणत्या पट्ट्यांची? संगणकावर कोण कोण बसायचं? बॅकअप कुठे? मग डिस्क ‘राइट ब्लॉकर’ला जोडतात, त्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. बिट-न्-बिट नक्कल काढून तपास तिच्यावरच होतो. ‘पुसलेलं सगळं परत आणू’ या जाहिरातींना मात्र भुलू नका. एसएसडी पुसलेली जागा बहुधा स्वतःच साफ करून टाकते.

खरी गंमत हॅशची. अख्ख्या डिस्कवर गणित चालवून एसएचए-२५६ ही पद्धत ६४ अंक-अक्षरांची एक ओळ देते. थप्पीतला एक दाणा बदलला, तरी सगळी ओळच बदलावी, असा हा हिशेब. हॅशिंगची मूळ कल्पना आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली, तीही माहिती झटपट सापडावी म्हणून. गृहस्थ मूळचे कापडधंद्यातले! एटीएम कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक आजही त्यांच्याच सूत्राने ठरतो, पण नाव कुणाच्या तोंडी नाही.

पण अशी नक्कल पुरावा म्हणून न्यायालयात चालते का? हा विषय आपल्या मराठवाड्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गाजला. २०१४ मध्ये जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आला, असं म्हणत पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण पुढे केलं. मूळ यंत्र हजर नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवलं. गोरंट्याल यांना सूट मिळाली, कारण मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकानाही आहे. पण पर्यायांत एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत अजून आहेच! दोन वेगळ्या मजकुरांचा एमडी५ एकच येऊ शकतो, हे शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा तज्ज्ञाकडून एसएचए-२५६ मागा, आणि ती ओळ नक्कल निघाल्याबरोबर साक्षीदारांच्या सह्यांसह कागदावर घ्या. पट्ट्या नंतर बघता येतील.